आधी कुणाचा साबुदाणा भिजला

अनसूया भामरे यांच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, तेव्हापासून आमच्या घरात खोल्या वाढू लागल्या.

घर मुळात लहान. रस्त्याकडे बाहेरची खोली, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यात आत माझी पुस्तकांची खोली. माझ्या खोलीला खिडकी नाही, वर एक झरोका आहे. बाहेर पडायचं तर स्वयंपाकघरातूनच जावं लागतं. पूर्वी मी खुर्चीत बसून पाय लांब केले की माझे पंजे स्वयंपाकघरात जायचे, आणि प्रमिला, माझी बायको, ते ओलांडताना दर वेळी म्हणायची, "कोशात अडगळीचा अर्थ काय दिलाय हो?"

मी आयुष्यभर कोशाच्या कचेरीत काम केलं. एकेका शब्दाचं एकेक कार्ड करायचं, त्यावर अर्थ, दाखला आणि मिळाली तर व्युत्पत्ती. आमचे प्रमुख संपादक गर्गेसाहेब यांचा एक नियम होता. कुणी कितीही विचित्र व्युत्पत्ती सांगितली तरी ती हसून सोडून द्यायची नाही. कार्डावर 'शक्य' असं लिहून ती ठेवून द्यायची आणि खोटी ठरेपर्यंत हात लावायचा नाही. हा नियम मला फार सोयीचा होता. मला कधीच कशाची खात्री वाटत नसे.

निवृत्तीनंतर आम्ही सांगवणला, प्रमिलाच्या माहेरगावी, येऊन राहिलो. इथल्या बोलण्यातल्या शब्दप्रयोगांवर मी एका दिवाळी अंकात लहानसा लेख लिहिला. त्यात अर्थातच 'साबुदाणा भिजला' होता, कारण सांगवणात दिवसातून एकदा तरी तो कानावर पडतोच. साखरपुडा झाल्यावर कळलं की जावई घोरतो: साबुदाणा भिजला. निवडणुकीचा अर्ज भरून घरी आल्यावर बायकोने विचारलं, कुणाला विचारून भरला: साबुदाणा भिजला. एकदा भिजवलेला साबुदाणा पुन्हा कोरडा करून डब्यात भरता येत नाही, त्याची खिचडीच करावी लागते, एवढाच अर्थ. लेखात मी शेवटी लिहिलं होतं की याच्या उगमाबद्दल मतभेद आहेत.

त्यावर अनसूयाबाईंचं पत्र आलं. अक्षर वळणदार, ओळी सरळ. त्यांनी लिहिलं होतं:

'माझं लग्न सांगवणात वैशाखातल्या एकादशीला झालं. पाहुण्यांत उपवासाचे पुष्कळ, म्हणून दादांनी, माझ्या वडिलांनी, मोठं पातेलं भरून साबुदाणा भिजत घातला होता. मी हळदीच्या साडीत त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, दादा, मला हे लग्न नको. ते म्हणाले, आता साबुदाणा भिजला, बाई. लग्न झालं. पुढच्या संसाराबद्दल काही लिहीत नाही, आता नाव माहेरचंच लावते. मला एवढंच कळवा, हे बोलणं तेव्हा गावात होतं का? असेल, तर सगळे बोलतात तसे दादा बोलले. नसेल, तर ते साबुदाण्याबद्दल बोलले. माझं आता वय झालं आहे. सोबत पत्ता घातलेलं कार्ड ठेवलं आहे. एक ओळ पुरे.'

मी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मग एक कार्ड काढलं, त्यावर 'भामरे, लग्नघर' असं लिहिलं, खाली पेन्सिलीने 'शक्य' लिहिलं आणि उत्तर नंतर लिहू म्हणून झोपलो.

सकाळी चहासाठी उठलो तर माझ्या दारापलीकडे स्वयंपाकघर नव्हतं. तिथे शेणाने सारवलेली एक खोली होती. मधोमध पितळेचं मोठं पातेलं होतं आणि त्यात साबुदाणा भिजत होता. पातेल्यापाशी धोतर नेसलेला एक माणूस माझ्याकडे पाठ करून उभा होता. त्याच्या समोर हळदीच्या साडीत एक मुलगी उभी होती. कपाळाला मुंडावळ्या, हात पिवळे. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो काही बोलत नव्हता. स्वयंपाकघर या खोलीच्या पलीकडच्या दाराशी सुरू होत होतं.

प्रमिला दारात आली. तिने दोघांकडे पाहिलं.

"हे कोण?"

"भामरे. अन् त्यांची मुलगी."

"चहा घेतील का?"

"उपवास असेल त्यांना."

"चहा चालतो उपवासाला," ती म्हणाली आणि दोन कप घेऊन आली. कुणीच घेतला नाही. तिने ते कप माझ्या हातात दिले. "त्या बाईला हो की नाही एवढंच लिहायचंय. त्याला इतका कसला विचार?"

मी म्हटलं, पुरावा पाहिजे. ती म्हणाली की पुरावा मिळेपर्यंत मुलगी उभीच राहणार का? आणि ती भाजी चिरायला गेली.

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की माझी खोली थोडी अरुंद झाली आहे. टेबल आणि कपाट यांच्यातून मला आडवं होऊन जावं लागत होतं. मी झरोक्याखाली स्टूल ठेवून बाहेर पाहिलं. बाहेरून घर होतं तेवढंच होतं, म्हणजे भामऱ्यांची खोली माझ्याच खोलीतून काढून घेतली होती.

प्रमिलाने हे भाजीवालीला सांगितलं. भाजीवालीने गावाला सांगितलं की खैरनार मास्तर साबुदाण्याच्या उगमात अडकलेत. मी मास्तर कधीच नव्हतो, पण सांगवणात चष्मा आणि पुस्तकं असलेल्या माणसाला मास्तरच म्हणतात. आणि लोक येऊ लागले.

आधी आला बबन लोखंडे. याचे आजोबा रावजी वस्ताद इथल्या तालमीचे. बबनचं म्हणणं असं की बाहेरगावचा एक नावाजलेला पैलवान कुस्तीला आला होता. रावजी वस्तादांचा पठ्ठ्या त्याला बघून म्हणाला, वस्ताद, मी घरी जातो. वस्ताद म्हणाले, साबुदाणा भिजला.

मी दबकत विचारलं, "पण पैलवान साबुदाणा खातात का?"

"शनिवार धरायचे ना आजोबा. मारुतीचा."

"कुस्ती शनिवारी होती?"

"मास्तर, कुस्ती महत्त्वाची की वार?"

मग त्याने खिशातून एका धिप्पाड माणसाचा फोटो काढला आणि हे वस्ताद आहेत असं सांगितलं. फोटोत साबुदाणा नव्हता. मी कार्डावर 'शक्य' लिहिलं. बबन उठून दारापर्यंत गेला तेव्हा लग्नघराच्या पलीकडे लाल मातीचा हौदा तयार झाला होता आणि त्यात दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात ठेवून थांबले होते. बबन हौद्याच्या कडेला मांडी घालून बसला. तो पुन्हा घरी गेला नाही.

मग आले सोनार गल्लीतले पद्माकर दुसाने. ते आले ते हसतच, कारण बबनचं ऐकून त्यांना हसू आवरत नव्हतं. तालमीचा आणि साबुदाण्याचा काय संबंध, असं त्यांचं म्हणणं. खरी गोष्ट त्यांच्या गल्लीतली. एका वर्षी पंचांगात एकादश्या दोन आल्या, आज स्मार्त आणि उद्या भागवत. गल्लीतल्या निम्म्या घरांनी आज म्हणून साबुदाणा भिजवला, निम्मे म्हणाले उद्या. भांडण चावडीपर्यंत गेलं. शेवटी दुसान्यांच्या पणजीने दारात येऊन सांगितलं की देवाची एकादशी कधीची असेल ती असो, आमचा साबुदाणा भिजलाय, म्हणजे आमची आज.

ही व्युत्पत्ती मला बरी वाटली. मग इतकी बरी वाटली म्हणूनच मला तिच्याबद्दल शंका आली. मी 'शक्य' लिहिलं. तालमीपलीकडे सोनार गल्ली आली, दोन्ही बाजूंच्या ओट्यांसकट. आणि माझी खुर्ची मागच्या भिंतीला टेकली.

पुढे बस स्टँडच्या कँटीनवाल्याने येऊन सांगितलं की शेवटची गाडी चुकलेल्या माणसाला त्याचे वडील हेच म्हणायचे, कारण रात्री कँटीनमध्ये फक्त खिचडी उरायची. तंबू टॉकीजवाल्यांच्या जावयाने सांगितलं की सिनेमाच्या रिळांची पेटी न आल्यामुळे खेळ रद्द झाला, पण लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागू नयेत म्हणून सासऱ्यांनी सगळ्यांना खिचडी वाटली. कँटीनची खोली आली. तंबू आला. प्रत्येक जण आला की आधीच्या सगळ्यांना खोटं म्हणे, मला मात्र कुणालाच म्हणता येत नसे.

स्वयंपाकघर आता लांब गेलं होतं. प्रमिलाची हाक मला ऐकू येई, पण तिच्यात तंबूतल्या खुर्च्यांचा आणि सोनारांच्या हातोड्यांचा आवाज मिसळलेला असे. चहा हातोहात येऊ लागला. कँटीनवाला तो दुसान्यांकडे देई, दुसाने बबनकडे, बबन लग्नघराच्या उंबऱ्यावर ठेवी. प्रत्येक जण चव बघत असावा, कारण पेला माझ्यापर्यंत अर्धा यायचा.

प्रमिला स्वतः यायचा प्रयत्न करी. ती तंबू आणि कँटीन ओलांडे, सोनार गल्लीही ओलांडे. लोक तिला थांबवून आपापली बाजू सांगत, पण ती कुणाचं ऐकून घेत नसल्यामुळे तिला वेळ लागत नसे. मात्र तालमीच्या उंबऱ्यावर ती थांबे. सांगवणात बायका तालमीत पाऊल टाकत नाहीत. तिच्या वडिलांचाही हौदा होता, आणि लहानपणी चेंडू आत गेला तर तीही बाहेरच उभी राहून हाका मारायची. ती डबा तिथे ठेवून परत जाई.

म्हणून मीच जायचं ठरवलं. लग्नघर ओलांडलं. तालमीत पाऊल टाकलं तसा बबन उभा राहिला आणि म्हणाला, बरं झालं आलात मास्तर, एक सांगायचं राहिलं, त्या पठ्ठ्याचं नावच मी सांगितलं नाही. त्याने नाव सांगितलं, मग त्याचं गाव, मग त्याची उंची. मी ऐकत चाललो होतो आणि हौदा माझ्यासमोर लांबत होता. प्रत्येक नव्या तपशिलासरशी मातीचा आणखी एक पट्टा पुढे येत होता. न ऐकता चालणं मला जमत नव्हतं, जन्मभर मी तेवढंच काम केलं होतं. पलीकडचं दार आधी दारासारखं दिसत होतं, मग खिडकीसारखं, मग पोस्टाच्या तिकिटासारखं. मी परत फिरलो. परत येताना बबन गप्प होता, त्यामुळे चार पावलांत पोचलो.

त्या दिवशी मी मनाचा हिय्या करून बबनच्या कार्डावरचं 'शक्य' खोडलं आणि 'अग्राह्य' लिहिलं. असं मी नोकरीत एकदाही केलं नव्हतं. वाटलं होतं की तालीम जाईल. तालीम गेली नाही, तिचं दार गेलं. लग्नघराच्या त्या बाजूला साधी सारवलेली भिंत झाली आणि आतून पैलवान ती थोपटू लागले. रागाने नाही, कुस्तीआधी मांडी थोपटतात तसे. भिंतीपलीकडे प्रमिला होती आणि मला तिचा आवाजही येत नव्हता. मी घाईघाईने खोडरबर घेतला आणि पुन्हा 'शक्य' लिहिलं. दार परत आलं. आधीपेक्षा थोडं बुटकं आलं.

म्हणजे खोडलं तर वाट बंद होते, आणि ठेवलं तर वाट लांबते.

दुसरी एक गोष्ट मला त्यानंतर सुचली. एक खोडण्याऐवजी एक कायम केलं तर? मी भामऱ्यांचं कार्ड काढलं आणि 'शक्य'च्या जागी पेन्सिलीने लिहिलं, 'हाच मूळ उगम'.

तालीम, गल्ली, कँटीन, तंबू एकदम गेले. लग्नघराच्या पलीकडच्या दारात प्रमिला उभी होती, हातात झारा, मागे कढईत मोहरी तडतडत होती.

"आलात का?" ती म्हणाली. "बसा, गरम आहे तोवर."

मी उठलो. माझ्या खोलीत मला गुडघे न दुमडता उठता आलं. तेवढ्यात लग्नघरातला तो माणूस पहिल्यांदाच बोलला. पाठ माझ्याकडेच होती. तो पातेल्याकडे बघून म्हणाला, "आता साबुदाणा भिजला, बाई." आवाजात राग नव्हता. साबुदाणा वाया जाईल याची काळजी मात्र स्पष्ट ऐकू येत होती. जगात हे वाक्य त्याआधी कुणी बोललेलं नव्हतं, आणि त्याला त्यात दुसरं काही म्हणायचंही नव्हतं.

मुलीने मान हलवली. ती तिथेच उभी राहिली आणि म्हातारी झाली. हळदीचा रंग उडाला, केस पांढरे झाले, मुंडावळ्या सुकून खाली पडल्या. जागेवरून ती हलली नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं. वळणदार अक्षर असलेल्या बाईचा चेहरा कसा असेल याचा मी विचार केला होता, तो तसाच होता.

मी परत टेबलाशी गेलो आणि रबराने ओळ पुसली. ती पुन्हा तरुण झाली. बापाने तोंड मिटलं. प्रमिला "चटणी हवी का तुम्हाला" असं विचारत होती, त्यातला 'तुम्हाला' मला बऱ्याच खोल्यांपलीकडून ऐकू आला.

त्यानंतर माझ्या खोलीत बसायला जागा उरली नाही. कपाटं टेबलाला भिडली होती, खुर्ची मी आधीच लग्नघरात आणून ठेवली होती. मी तिथेच, पातेल्यापासून हातभर अंतरावर बसू लागलो. साबुदाणा फुगत होता. मुलगी उभीच होती. मी तिला खुर्ची देऊ केली तेव्हा ती म्हणाली, "दादा बोलल्याशिवाय कशी बसू?" तिने माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

कार्डावर 'निश्चित सांगता येत नाही' असं लिहून मोकळं व्हावं, असं मला रोज वाटे. तेच सर्वांत खरं होतं. पण मी तसं मनात जुळवू लागलो की तंबूपलीकडे कुणीतरी नवीन खाकरे आणि वीटकामाचा आवाज येई. शिवाय त्या बाईंना हे आधीपासूनच माहीत होतं. त्या आयुष्यभर तेवढंच माहीत असलेल्या अवस्थेत राहिल्या होत्या.

एक दिवस सकाळी प्रमिला तालमीच्या पलीकडच्या उंबऱ्यावर आली आणि डबा ठेवून गेली नाही. मी अलीकडच्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहिलो. मी आत पाऊल टाकलं नाही, त्यामुळे बबन काही बोलला नाही आणि तालीम होती तेवढीच राहिली. पैलवानांनी मानेवरचे हात काढले आणि आमच्यामधून बाजूला सरकून उभे राहिले.

मी तिला सगळं सांगितलं. 'हाच मूळ' लिहिलं तर मी घरी येतो आणि बाईंचं काय होतं, ते सांगितलं. 'आधीपासून होतं' असं लिहिलं तर भामऱ्यांची खोली उगम राहत नाही, खोडली जाते, आणि तिचं तालमीकडचं दार जातं, हेही सांगितलं. त्या दाराच्या अलीकडे मी असेन. दोन्हींना पुरावा नाही.

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आमच्याकडे पण म्हणाले होते," ती म्हणाली.

"काय?"

"साबुदाणा भिजला. मी आईला म्हटलं होतं, मला पुस्तकातला किडा नको. आई म्हणाली, साबुदाणा भिजला."

हे मला माहीत नव्हतं. पैलवान जमिनीकडे बघू लागले.

"भिजला होता का?" मी विचारलं.

"कसला भिजतो. आपल्या लग्नात जिलबी होती." ती हसली. "मला वाटलं, सगळ्यांकडेच म्हणतात. सगळ्या पोरी नको म्हणतात अन् सगळ्यांच्या आया असंच म्हणतात. म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही. आले."

"हे आपलं लग्न आधीचं की भामऱ्यांचं?"

"दोनतीन वर्षं इकडेतिकडे. कोण आधी ते नाही आठवत."

माझा हात सवयीने खिशातल्या कोऱ्या कार्डाकडे गेला. हा दाखला होता, वर्ष नसलेला, पण घरातला. मग मला दिसलं की हे कार्ड मी लिहिलं तर आणखी एक खोली येईल, आणि तिच्यात जिलबीच्या परातीजवळ प्रमिला उभी असेल, आईच्या तोंडाकडे बघत, आणि तिथून हलणार नाही. मी हात बाहेर काढला.

"किडा म्हणालीस?" मी विचारलं.

"तेव्हा म्हणाले मी. नंतर अडगळ म्हणू लागले." तिने डबा उंबऱ्यावरून थोडा पुढे, मातीत सरकवला. तेवढाच तिचा हात तालमीत आला. "लिहा तिला, सगळ्यांकडे म्हणतात म्हणून. पेटीत मी टाकते."

"दार जाईल."

"ऐकलं मी. तुमच्या घरात मी कधी काही न ऐकता राहिलेय का? डब्यात धिरडी आहेत, गार व्हायच्या आत खा."

मी परत खुर्चीत येऊन बसलो. अनसूयाबाईंनी पाठवलेलं कार्ड काढलं. त्यांनी स्वतःचा पत्ता स्वतःच्या अक्षरात घातला होता, माझी बाजू कोरी होती. पेन्सिल न घेता शाईचं पेन घेतलं, कारण पेन्सिलीचा मला भरवसा नव्हता, म्हणजे माझाच मला नव्हता. लिहिलं:

'आपल्या लग्नाआधीपासून हे बोलणं सांगवणात आहे. सगळ्यांच्या घरी असंच म्हणत. आपले वडील साबुदाण्याबद्दल बोलले नाहीत.'

शेवटचं वाक्य त्यांनी मागितलेल्या एका ओळीपेक्षा जास्त होत होतं, पण मी ते राहू दिलं.

कार्ड मी बबनच्या हातात दिलं. त्याने वाचलं. तालमीचं यात नाव नाही, असं तो म्हणाला, पण पुढे दिलं. पैलवानाने दुसान्यांना दिलं. दुसान्यांनीही वाचलं असावं, कारण गल्लीतले हातोडे थांबले. कँटीन, तंबू. मग मला दिसायचं बंद झालं, फक्त प्रत्येक खोली गप्प होत गेलेली ऐकू आली. चहाचा पेला ज्या वाटेने यायचा त्याच वाटेने कार्ड परत चाललं होतं, आणि चव बघणारे सगळे आपापली चव बघत होते.

सर्वांत शेवटी बाहेरच्या खोलीची कडी निघाली. आमच्या दारासमोरच्या भिंतीवर लाल पत्रपेटी आहे. तिच्या तोंडावरची पत्र्याची झडप सैल झाली आहे आणि पडताना तिचा आवाज होतो. पूर्वी रविवारी दुपारी तो आवाज आला की प्रमिला म्हणायची, आज कोण लिहितंय.

मी तालमीच्या दाराकडे पाहिलं. ते अजून होतं. पण चौकट भिंतीच्या रंगाची होऊ लागली होती, आणि पलीकडचा बबन चित्रात काढल्यासारखा सपाट दिसत होता. मी उठून बबनने अलीकडच्या उंबऱ्यावर आणून ठेवलेला डबा आत ओढून घेतला. तो अजून गरम होता.

लग्नघरात साबुदाणा पातेल्याच्या काठावर आला होता. दाणे टपोरे, मोकळे, मोत्यासारखे झाले होते. थोडे काठावरून खाली पडले आणि माझ्या पायाशी येऊन थांबले. धोतर नेसलेला माणूस हळूच एका बाजूला सरकला आणि भिंतीशी जाऊन बसला. त्याला आता बोलायचं काही उरलं नसावं. त्याच्या जागेवर, पातेल्याच्या पलीकडे, मीच उभा होतो.

मुलीने मुंडावळ्या मागे सारल्या. ती बापाच्या तोंडाकडे बघायची तशी आता माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काका," ती म्हणाली, "तुम्हाला घरी जायचं असेल ना? ते कार्ड अजून परत मागवता येईल का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात फार लांब, रस्त्यावर, पत्रपेटीची झडप पडली.